गुडघ्याची मुदतवाढ

भिवंडी तालुक्यातील दापोडे हे आता गावापेक्षा गोदामांच्या नावाने अधिक ओळखले जाते. मुंबई-नाशिक महामार्गावरील माणकोली नाक्यावरून आत वळले की, जेथे एकेकाळी भाताची खाचरे होती तेथे दोन्ही अंगांना पत्र्याच्या छपरांचे गाळे लागतात आणि कंटेनरच्या रांगेत मोटार अडकून पडते. मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर माल उतरवावा आणि लागेल तसा आत न्यावा, या व्यापारी सोयीतून ही वस्ती वाढली. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि जकात गेली; गोदामे मात्र राहिली, आणि ऑनलाइन खरेदीच्या कंपन्यांमुळे आणखी पसरली.

गाळ्याचा ओटा ट्रकच्या फाळक्याच्या उंचीचा, म्हणजे सुमारे चार फूट असतो. कार्यालय बहुधा माळ्यावर, आणि तेथे जाण्यासाठी उभा लोखंडी जिना. मालक दिवसातून आठ-दहा वेळा तो जिना चढतो-उतरतो. हमाल त्याच वेळात शेकडो खोकी उचलतो, ठेवतो, उकिडवा बसतो, उठतो. पन्नाशी उलटली की दोघेही जिन्याचा कठडा धरू लागतात. फरक एवढाच, की मालकाला डॉक्टर सुचवणारे दहा जण असतात आणि हमालाला मेडिकलवाला एक.

अशाच एका गाळ्यात स्टेनलेस स्टीलच्या भांड्यांचा घाऊक व्यापार करणारे एक कुटुंब आहे. शेठजी ६८ वर्षांचे. त्यांच्या पत्नी ६४ वर्षांच्या. त्यांना घरात आणि गाळ्यावर सारे ‘बा’ म्हणतात. मुलगा धंद्यात रुळलेला. गाळ्याचे मुकादम ५७ वर्षांचे, मूळचे सातारा जिल्ह्यातील; शेठजींचा मुलगा त्यांना लहानपणापासून ‘मामा’ म्हणत आला आहे. मुलगा सोडला तर या तिघांचेही गुडघे दुखतात, आणि तिघांच्याही कागदावर डॉक्टरांनी एकच शब्द लिहिला आहे: ऑस्टिओआर्थ्रायटिस, म्हणजे झिजेचा संधिवात. गेल्या दोन-अडीच वर्षांत त्या एका शब्दातून तीन वेगळ्या वाटा फुटल्या.

गुडघ्यात मांडीचे हाड नडगीच्या हाडावर टेकते आणि समोर वाटी असते. हाडांच्या टोकांवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो. या कूर्चेला स्वतःचा रक्तपुरवठा नाही आणि वेदना कळवणाऱ्या नसाही नाहीत. रक्तपुरवठा नाही म्हणून झिजलेली कूर्चा भरून येत नाही. नसा नाहीत म्हणून ती झिजत असताना वर्षानुवर्षे पत्ताही लागत नाही. दुखते ते तिच्या आजूबाजूचे. सांध्याचे आतले अस्तर सुजते, कूर्चेखालच्या हाडावर ताण येतो, सांध्याभोवतीचे वेष्टन ओढले जाते. त्यामुळे एक्स-रे आणि वेदना यांचा ताळेबंद पुष्कळदा जुळत नाही. शेठजींचा एक्स-रे बांच्या एक्स-रेपेक्षा थोडासाच बरा होता, तरी शेठजी चालत होते आणि बा भिंतीचा आधार घेत होत्या.

ही एक गोष्ट नीट समजली की पुढच्या सर्व उपचारांची किंमत ठरवणे सोपे जाते. गोळी आणि गुडघा बदलण्याची मोठी शस्त्रक्रिया यांच्यामध्ये आज सुईच्या उपचारांची एक लांबलचक फळी उभी आहे. त्यांतील काही अस्तराची सूज उतरवतात, काही वंगण घालतात, काही नसेला गप्प करतात. झिजलेली कूर्चा पूर्ववत करून देणारी सुई त्या फळीवर अद्याप नाही. बँकेच्या भाषेत सांगायचे तर हे सारे उपचार मुदतवाढीचे आहेत. मुद्दल त्यांनी फिटत नाही. मुदतवाढ ही वाईट गोष्ट नव्हे, अनेक चांगले धंदे तिच्यावरच तरले आहेत. मात्र मुदत किती, व्याज किती आणि दरम्यानच्या काळात करायचे काय, हे विचारल्यावाचून ती घेऊ नये.

शेठजींनी एकही सुई घेतली नाही. त्यांचे वजन ८४ किलो होते. रात्रीभोजनाचा त्याग पाळूनही वजन कसे वाढते, याचे उत्तर सूर्यास्तापूर्वीच्या घाईच्या जेवणात आणि त्याआधीच्या चहाबरोबरच्या फरसाणात होते. आहारतज्ज्ञ बाईंनी ते पहिल्याच भेटीत शोधून काढले. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात असे आढळले होते की, वजन एक किलोने उतरले तर चालताना प्रत्येक पावलामागे गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने हलका होतो. हा चौपट परतावा शेठजींना पटला. सव्वा वर्षात त्यांनी सात किलो उतरवले आणि जोडीला मांडीच्या पुढच्या स्नायूचा व्यायाम रोज केला: खुर्चीत बसून पाय सरळ करायचा, दहा मोजेपर्यंत धरायचा, सोडायचा. या व्यायामाची जाहिरात कोणी करत नाही, कारण त्यात विकण्यासारखे काही नाही. तथापि २०२० साली अमेरिकी लष्करी रुग्णालयांतील १५६ रुग्णांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात निम्म्यांना फिजिओथेरपी आणि निम्म्यांना स्टिरॉइडची इंजेक्शने दिली होती. वर्षाअखेरीस वेदना आणि हालचाल या दोन्हींत फिजिओथेरपीचा गट पुढे होता. शेठजी आज जिना दुखऱ्या पायाने चढतात खरे, पण चढतात.

बांची गोष्ट निराळी. त्यांच्या उजव्या गुडघ्याची आतली बाजू अधिक झिजली होती आणि पाय किंचित बाहेरच्या बाजूला धनुष्यासारखा वाकू लागला होता. शिवाय मधुमेह. डॉक्टर प्रत्येक रुग्णाला विचारतात, ‘किती चालू शकता?’ बांचा प्रश्न चालण्याचा नव्हताच. दोन घटिकांचे, म्हणजे ४८ मिनिटांचे सामायिक कटासण्यावर मांडी घालून करण्याची चाळीस वर्षांची सवय तुटली होती. त्या उपाश्रयात मागच्या भिंतीशी खुर्चीवर बसू लागल्या होत्या. अलीकडे कोणत्याही उपाश्रयात गेले तर ही खुर्च्यांची रांग दरवर्षी एक पाऊल पुढे सरकलेली दिसते. धर्माला त्यात काही कमी पडत नाही हे महाराजसाहेबांनी सांगितले होते, तरी बांना तेथे बसणे रुचत नव्हते.

पहिली सुई स्टिरॉइडची. ती सुजलेल्या अस्तरावर काम करते आणि पुष्कळांना आठवड्याच्या आत आराम देते. बांना दिला, पाच आठवडे. मात्र पहिले चार दिवस रक्तातील साखर एवढी चढली की मुलगा घाबरला. मधुमेह असलेल्यांनी ही गोष्ट आधीच विचारून ठेवावी, कारण ती अपवादाने घडत नाही. दुसरे असे की, ही सुई पुन्हा पुन्हा घेण्याजोगी नव्हे. २०१७ साली अमेरिकेतील १४० रुग्णांवरचा दोन वर्षांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दर बारा आठवड्यांनी स्टिरॉइड घेणाऱ्यांची कूर्चा, नुसते मिठाचे पाणी टोचलेल्यांच्या तुलनेत अधिक झिजली होती आणि वेदनेत दोन्ही गटांत फरक नव्हता. लग्नकार्य, प्रवास, एखादी अडलेली वेळ निभावून नेण्यासाठी ती ठीक आहे. तिच्यावर वर्षे काढता येत नाहीत.

दुसरी सुई ‘जेल’ची, आणि येथे आपल्या घरांनी थोडे थांबावे. निरोगी सांध्यातील वंगणात हायल्युरॉनिक ॲसिड नावाचा चिकट पदार्थ असतो. झिजलेल्या सांध्यात तो पातळ होतो, म्हणून बाहेरून भरायचा, अशी या उपचारामागची कल्पना आहे. १९३४ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात कार्ल मायर आणि जॉन पामर यांनी हा पदार्थ प्रथम वेगळा केला तो गाईच्या डोळ्यातील द्रवापासून. पुढे एंड्रे बालाझ या संशोधकाने तो औषधाइतका शुद्ध करण्याची रीत बसवली तेव्हा कच्चा माल होता कोंबड्याचा तुरा. आजही बाजारातील काही नामांकित जेल तुऱ्यापासूनच बनतात. इतर काही जिवाणूंच्या साहाय्याने, आंबवण्याच्या प्रक्रियेतून तयार होतात. काम दोन्हींचे सारखेच. नळी हातात धरून पाहिली तर फरक कळत नाही.

बांनी विचारले होते, “डॉक्टरसाहेब, आ शेमांथी बने छे?” त्या मूळच्या जामनगरकडच्या, घाबरल्या की मराठी सुटते. डॉक्टरांना तो प्रश्न नवीन होता. त्यांनी खोके उघडून माहितीपत्रक वाचले, आणि तुऱ्याचा उल्लेख निघाला तेव्हा प्रांजळपणे तो वाचून दाखवला. आठवड्याने आंबवण्याच्या पद्धतीने बनवलेले जेल मागवले गेले. प्रश्न विचारण्यास संकोच करणाऱ्या घरांत हे कधीच कळत नाही. खाद्यपदार्थाच्या वेष्टनावरची हिरवी वा तपकिरी खूण इंजेक्शनाच्या खोक्यावर शोधून उपयोग नाही. तेथे बारीक अक्षरांतील पत्रक वाचावे किंवा वाचून घ्यावे.

सुईचाच प्रश्न आहे असेही नाही. गुडघ्यासाठी म्हणून घरोघरी घेतल्या जाणाऱ्या गोळ्यांतील ग्लुकोसामाइन बहुधा कोळंबी आणि खेकड्यांच्या कवचापासून काढतात. मक्यापासून आंबवून केलेलेही मिळते, पण ते मागावे लागते. काँड्रॉइटिन जनावरांच्या किंवा शार्कच्या कूर्चेपासून येते. कोलॅजनची पावडर गुरांच्या कातड्यापासून वा माशांपासून. कॅप्सूलचे कवच जिलेटिनचे असेल तर तेही प्राणिजन्यच. कंदमुळे वर्ज्य असलेल्या स्वयंपाकघरातील फडताळात अशा बाटल्या निर्धास्त उभ्या असतात आणि त्यांचा गुडघ्याला होणारा उपयोगही संशयास्पदच आहे, ही यातील अधिक खेदाची बाब.

जेलबाबत एवढे सांगितले पाहिजे की, २०२२ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलने १६९ चाचण्यांचा एकत्रित आढावा छापला. मिठाच्या पाण्याच्या सुईच्या तुलनेत जेलने मिळणारा जादा आराम इतका थोडा निघाला की रुग्णाला तो जाणवेलच असे नाही. काही डॉक्टर अजूनही ते देतात आणि काही रुग्ण समाधानी असतात. बा त्यांतल्या नव्हत्या.

त्यानंतर मुलाने एका दवाखान्याचे पत्रक आणले. गुळगुळीत कागद, हसरी जोडपी, आणि ‘कूर्चा पुन्हा उगवते’ असे ठळक अक्षरांत. आधी रुग्णाच्या स्वतःच्या रक्तातील प्लेटलेट्स गोळा करून त्या गुडघ्यात टोचायच्या, म्हणजे पीआरपी. मग ‘स्टेम सेल’. दोन्ही गुडघ्यांचे मिळून पॅकेज पावणेदोन लाख रुपये, आगाऊ भरल्यास सवलत. मुलाचा आग्रह मनापासूनचा होता. आईचे कण्हणे रोज ऐकणाऱ्याला कोणतेही पत्रक खरे वाटू लागते.

पीआरपीला एक गुण आहे: पदार्थ आपलाच. हातातून थोडे रक्त घेतात, यंत्रात गरगर फिरवून प्लेटलेट्सचा भाग वेगळा करतात आणि काही मिलिलिटर गुडघ्यात टोचतात. कोणत्याही प्राण्याचा संबंध नाही, ॲलर्जीची भीती जवळपास नाही. परंतु प्लेटलेट्स किती, पांढऱ्या पेशी ठेवायच्या की काढायच्या, सुया किती, याचा एक ठरलेला मापदंड नाही. प्रत्येक दवाखान्याची पाककृती वेगळी. काही छोट्या अभ्यासांत फायदा दिसला. २०२१ साली ऑस्ट्रेलियात २८८ रुग्णांवर काटेकोर चाचणी झाली: निम्म्यांना पीआरपी, निम्म्यांना मिठाचे पाणी, आठवड्याला एक अशा तीन सुया, आणि कोणाला काय दिले हे रुग्णाला ठाऊक नाही. वर्षाने पाहिले तर दहापैकी सुमारे दोन अंकांनी वेदना दोन्ही गटांत उतरली होती. कूर्चेच्या झिजेतही फरक नव्हता. ज्यांना मिठाच्या पाण्याने बरे वाटले त्यांचे बरे वाटणे खोटे नव्हते. मात्र त्यासाठी पावणेदोन लाख मोजावेत का, हा प्रश्न उरतो.

‘स्टेम सेल’बाबत भारतीय वैद्यक संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे स्पष्ट आहेत: रक्ताच्या काही आजारांखेरीज अन्यत्र हा उपचार नेहमीचा उपचार म्हणून विकता येत नाही, तो मंजूर चाचणीतच व्हावा. त्यानंतर गुडघ्यासाठीच्या एका उत्पादनाला औषध महानियंत्रकांची परवानगी मिळाली आहे. म्हणून विचारायचे ते एवढेच, की तुम्ही देता ते परवानगी मिळालेले उत्पादन आहे काय, आणि कागद दाखवाल काय. शेठजींनी दवाखान्यात फोन करून नेमके हेच विचारले. कागद पाठवतो असे उत्तर आले. कागद आला नाही. सवलतीची मुदत वाढवल्याचा संदेश मात्र तीनदा आला. ज्या धंद्यात उधारी मागणाऱ्याचे कागद पाहिल्याशिवाय माल सुटत नाही, त्या धंद्यातील माणसाला एवढे पुरे होते.

बांना खरा दिलासा मिळाला तो चौथ्या उपचाराने. गुडघ्याच्या सांध्याकडून वेदनेचा निरोप वर नेणाऱ्या बारीक नसा सांध्याभोवती असतात. त्यांतील तीन ठरावीक जागी, हाडाला चिकटून जातात: मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाशी आतून एक आणि बाहेरून एक, नडगीच्या वरच्या टोकाशी आतून एक. एक्स-रे किंवा सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहत सुई तेथे नेतात आणि रेडिओफ्रीक्वेन्सीच्या लहरींनी तिचे टोक सुमारे ८० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून नसेचा तेवढा तुकडा निकामी करतात. चौथी नस मुद्दाम सोडतात, कारण तिच्याजवळून पाऊल वर उचलणारी महत्त्वाची नस जाते. तिला इजा झाली तर पाऊल लुळे पडेल. भूल फक्त जागेपुरती, टाका नाही, संध्याकाळी घरी. दक्षिण कोरियात ३८ रुग्णांवर केलेली पहिली काटेकोर चाचणी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. नस खरोखर तापवलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांची वेदना बारा आठवड्यांनंतरही निम्म्याने वा त्याहून अधिक उतरलेली होती. अमेरिकेत २०१७ पासून गुडघ्यासाठी याला औपचारिक मान्यता आहे.

या उपचारातील सर्वांत व्यवहारी गोष्ट म्हणजे त्याची आधी घेतलेली चाचणी. नस जाळण्यापूर्वी, वेगळ्या दिवशी, त्याच तीन जागी केवळ भुलीचे औषध टोचतात आणि रुग्णाला घरी पाठवून सांगतात: जिना चढा, उठा-बसा, आणि दर तासाला दहापैकी किती दुखते ते लिहा. आराम मिळाला नाही तर पुढचा खर्च करायचाच नाही. नमुना पाहून सौदा, अशी ही रीत. बांनी वहीच्या पानावर गुजरातीत आकडे लिहिले: आठ, तीन, दोन, दोन, चार, सात. दुसऱ्या दिवशी पुन्हा आठ. पंधरवड्याने खरी प्रक्रिया झाली. आठवडाभर टोचल्या जागी ठणका होता, मग उतार पडला.

बांना दहा महिने मिळाले. या काळात त्या बाजारात गेल्या, नातीच्या शाळेत गेल्या, रात्री झोपल्या. कटासण्यावर मात्र बसता आले नाही, आणि हे त्यांना आधी कोणी सांगितले नव्हते. वेदना जाते म्हणून सांधा वाकू लागतो असे नाही. आतली झीज, वाढलेले हाड, ताठरलेले वेष्टन जसेच्या तसे असते. नसही कालांतराने पुन्हा वाढते. सहा महिने ते वर्ष, फार तर त्याहून थोडे अधिक, एवढीच बहुतेकांची मुदत. प्रक्रिया पुन्हा करता येते.

आणखी एका उपचाराची चर्चा अलीकडे ऐकू येते. सुजलेल्या अस्तरात उगवलेल्या नको त्या बारीक रक्तवाहिन्या, जांघेतून नळी घालून, सूक्ष्म कणांनी बंद करायच्या. जपानमधील युजी ओकुनो यांनी २०१५ मध्ये १४ रुग्णांवरचा अनुभव प्रसिद्ध केला आणि तेथून हे पसरले. पुरावा अजून तुटपुंजा आहे. दुर्बिणीने गुडघा धुऊन साफ करण्याची जुनी शस्त्रक्रिया मात्र झिजेच्या दुखण्यासाठी आता कोणी सुचवली तर दुसरे मत घ्यावे. अमेरिकेतील ह्यूस्टन येथे ब्रूस मोझली या शल्यविशारदाने १८० रुग्णांची चाचणी केली, ती २००२ मध्ये प्रसिद्ध झाली. काहींना खरी शस्त्रक्रिया, काहींना त्वचेवर केवळ छेद देऊन टाके. दोन वर्षांनंतरही कोण कोणता हे वेदनेवरून ओळखता आले नाही.

आता मुकादमांकडे वळावे. मामांनी दोन वर्षे मेडिकलमधून मिळेल ती वेदनाशामक गोळी घेतली, सोबत पित्ताची. ‘शेठ, गोळी घेतली की दिवस जातो,’ असे ते म्हणत, आणि दिवस जाई. भिवंडीत एका शिबिरात रक्त तपासले तेव्हा रक्तदाब वाढलेला आणि मूत्रपिंडाचा क्रिएटिनिन हा आकडा मर्यादेबाहेर गेलेला निघाला. डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या डॉक्टरांच्या देखरेखीवाचून महिनोन्‌महिने घेतल्याने जठर, मूत्रपिंड आणि हृदय यांना बाधा पोहोचू शकते, हे सर्वज्ञात आहे. फक्त ते काउंटरवर सांगितले जात नाही. गोळ्या बंद झाल्या. मग दुखणे उघडे पडले.

शेठजींनी प्रथम सुईचा खर्च देऊ केला. ठाण्याच्या ज्या डॉक्टरांनी बांवर उपचार केले त्यांनीच त्याला मोडता घातला. नस बधिर करून हा माणूस उद्या पुन्हा चाळीस किलोचा बोजा घेऊन उकिडवा बसणार असेल, तर वेदनेचा इशारा बंद करून आपण त्याचा सांधा अधिक लवकर संपवू, असे त्यांचे म्हणणे. हे ऐकून शेठजी गप्प झाले. अण्णासाहेब पाटील यांच्या चळवळीतून १९६९ मध्ये महाराष्ट्रात माथाडी कायदा आला, त्याने मजुरी, भविष्यनिर्वाह निधी, रजा यांची सोय लागली. पण माल जमिनीवरून उचलायचा की कमरेच्या उंचीवरून, हे प्रत्येक गाळ्याचा मालकच ठरवतो.

बदल मोठे नव्हते. हाताने ओढायच्या दोन हायड्रॉलिक ट्रॉल्या आल्या. जड भांड्यांची खोकी खालच्या थरातून काढून कमरेच्या उंचीच्या मांडणीवर गेली, हलकी खाली आणि वर. उकिडवे बसून पट्टी मारण्याऐवजी उंच मेज. मामांच्या हाती नोंदवही आली आणि बसायला उंच स्टूल. तेथून उठताना गुडघा पूर्ण वाकवावा लागत नाही. सुरुवातीला त्यांना ते बढतीसारखे नव्हे, बाजूला सारल्यासारखे वाटले, आणि तसे त्यांनी मुलाला बोलूनही दाखवले. व्यायाम ते करतात, शेठजींबरोबर, दुपारी जेवणानंतर, दोघे समोरासमोर खुर्च्या टाकून. या सगळ्याचा खर्च मुलाने आणलेल्या पत्रकातील पॅकेजपेक्षा कमी झाला. त्याचा लाभ त्या गाळ्यातील नऊ जणांच्या अठरा गुडघ्यांना मिळतो.

ट्रॉल्यांचा आग्रह मुळात बांचा होता. तीन वर्षांपूर्वी त्या शत्रुंजयाला डोलीतून चढल्या. साडेतीन हजारांवर पायऱ्यांची ती वाट. विसाव्याला डोली टेकवली तेव्हा पुढच्या डोलीवाल्याने धोतर सारून गुडघ्यावरचा पट्टा घट्ट केला; तो त्यांच्याहून फार लहान नव्हता. हे त्यांनी घरी अनेकदा सांगितले आहे.

दहा महिन्यांनंतर बांचे दुखणे परतले आणि या वेळी रात्रीही दुखू लागले. पाय अधिक वाकला होता. पुन्हा नस तापवावी की गुडघा बदलावा, यावर घरात आठवडाभर बोलणे चालले. गुडघा बदलणे म्हटले की अजूनही लोकांना अटलबिहारी वाजपेयी आठवतात. मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात ऑक्टोबर २००० मध्ये त्यांचा डावा आणि जून २००१ मध्ये उजवा गुडघा बदलला गेला. शल्यविशारद होते न्यूयॉर्कचे डॉ. चित्तरंजन राणावत, १९७० च्या दशकात ज्या ‘टोटल कॉन्डिलर’ रचनेवर पुढचे बहुतेक कृत्रिम गुडघे बेतले गेले, तिच्या कर्त्यांपैकी ते एक. त्या काळी ही श्रीमंतांची शस्त्रक्रिया होती. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घातली. सर्वाधिक वापरला जाणारा, सरासरी एक लाख ५८ हजारांना पडणारा प्रकार ५४,७२० रुपये अधिक कर एवढ्यावर आला. ही मर्यादा सांध्याच्या भागांपुरती आहे, रुग्णालयाच्या संपूर्ण बिलावर नाही. तेव्हा अंदाजपत्रक मागताना भागांची किंमत वेगळ्या ओळीत लिहून घ्यावी. मेडिक्लेममध्ये सांधेरोपणासाठी बहुधा दोन-तीन वर्षांची प्रतीक्षा असते आणि दाखल न होता घेतलेल्या सुयांचे पैसे पुष्कळदा मिळत नाहीत. पॉलिसी दुखणे सुरू झाल्यावर नव्हे, त्याआधी वाचायची असते.

बांनी डॉक्टरांना सरळ विचारले, नवा गुडघा बसवल्यावर कटासण्यावर बसता येईल का? डॉक्टर म्हणाले, चालाल, जिना चढाल, वाकलेला पाय सरळ होईल. जमिनीवर मांडी घालून बसण्याचा सल्ला मात्र आम्ही देत नाही. त्यांनी थोडा वेळ विचार केला आणि होकार दिला. नस तापवून मिळालेल्या दहा महिन्यांत त्यांनी मांडीचा स्नायू कमावला होता, साखर आटोक्यात आणली होती आणि मेडिक्लेमची प्रतीक्षाही तेवढ्यात संपली होती.

शस्त्रक्रिया चातुर्मास संपल्यावर, कार्तिकी पौर्णिमेनंतरच्या आठवड्यात ठरली आहे. स्टिरॉइडची सुई घेतल्यावर तीन महिने सांधेरोपण टाळतात, कारण जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. म्हणून पर्युषणात उभे राहता यावे यासाठी आणखी एक सुई घेण्याचा विचार बांनी सोडून दिला. उपाश्रयात त्या मागच्या रांगेतल्या खुर्चीवर बसतात. शेजारची खुर्ची गेल्या महिन्यापासून शेठजींच्या धाकट्या बहिणीची आहे, आणि तिने कालच विचारले की ते जेल कोणत्या कंपनीचे होते.